मावशीची घागर आणि माझ्या वाटचा मार

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतोय. पिंपळ, पांढरी साडी, नेमकी तिथंच बंद पडणारी मोटरसायकल... जेवणं झाली की बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि प्रत्येक अनुभवाचं स्पष्टीकरण जागच्या जागी द्यायचं, हा माझा छंद. मी लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. कुणी विचारलेलं नसताना स्पष्टीकरण देणं हा माझा धंदाच आहे म्हणा. आता मीच इथं लिहायला बसलोय म्हटल्यावर बायको आतल्या खोलीत हसून राहिली आहे. ती मूळची नांदेडची, तिला कारण लागत नाही. हसू दे.

आधी जागा सांगतो. लातूरचा ट्युशन एरिया ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी — तिथं मान वर केली की आभाळाच्या आधी टॉपर मुलांचे फोटो दिसतात. होस्टेलं, मेस, झेरॉक्सची दुकानं, आणि त्यांच्या मधोमध एक मोकळी जागा. काही वर्षांपूर्वी तिथं फरशीसारखे सिमेंटचे ब्लॉक बसवून, बाकडी टाकून प्लाझा केला. कारंजंही केलं. ते उद्घाटनापुरतं उडालं. आणि मधोमध एक शिल्प उभं केलं. नुसतं बघायचं नाही, हात लावून वाजवायचं शिल्प.

शिल्पकार बाहेरचा होता, पण कल्पना आमचीच होती. भूकंपानंतर आमच्या भागात घरोघर एक सवय लागली होती. झोपताना उशाशी पेला उपडा ठेवायचा, त्यावर तांब्या, तांब्यावर वाटी. जमीन जरा हलली की भांडी पडणार आणि घर जागं होणार. माझ्या पिढीतल्या कुणालाही विचारा, मांजरानं तांब्या पाडला आणि अख्खी गल्ली चड्डी-बनियनवर रस्त्यात आली, असा एक तरी किस्सा सांगेल. शिल्पकारानं हे ऐकलं आणि भांड्यांची दोन मजली उतरंड करायची ठरवली. आत पोकळ असा लोखंडी सांगाडा, त्यावर स्प्रिंगला लटकवलेली खरीखुरी, वापरलेली भांडी. खाली घागरी-कळश्या, वर तांबे, पार शेंड्याला एक फुलपात्र. पायथ्याशी ठोकून वाजवायला साखळीला बांधलेल्या लाकडी मोगऱ्या. शेजारी पाटी : ‘स्पर्श करा. वाजवा. व्यक्त व्हा.’

भांडी लोकांकडून मागवली होती. ध्वनी हा माझा टॉपिक, म्हणून मला कमिटीत घेतलं होतं. मी तिथं मत मांडलं की नुसती जुनी नको, भूकंपातून निघालेली भांडी हवीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावल्या की माझं डोकं काम करायचं थांबतं. मी घरी आलो आणि मावशीची घागर उचलून नेऊन दिली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आई मी लहान असतानाच गेली, मला हिनं वाढवलं. तिचं घर औशाकडच्या एका खेड्यात होतं, दगड-मातीचं. भूकंपाच्या पहाटे ती चुलीजवळ निजली होती, उतरंडीला डोकं लावून. मी तेव्हा नांदेडला होस्टेलात. घर बसलं. वरचं आढं मोडून खाली आलं ते तिच्या डोक्यावर यायचं, ते घरंगळत आलेल्या पितळी घागरीवर येऊन अडकलं. दुपारी लोकांनी दगड उपसले तेव्हा मावशी जिवंत, मावसोबा नाहीत, आणि घागरीच्या पोटात नारळ मावेल एवढा पोचा. ती घागर तिनं कधी पाण्याला लावली नाही, पोचा काढू दिला नाही. विचारलं की एवढंच म्हणायची, “माझ्या वाटचा मार हिनं खाल्लाय.”

भूकंपानंतर तिनं औशाला खोली घेतली होती, पण अलीकडे ती माझ्याकडेच राहायची आणि घागर आमच्या माळ्यावर असायची. आणि मी ती घागर तिला न विचारता दिली. का, तर सरप्राइज. उद्घाटनाला तिला पहिल्या रांगेत बसवायचं, शाल द्यायची, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. माझ्या डोक्यात पार फोटोची फ्रेमसुद्धा तयार होती.

झालं असं की घागर बरोबर हाताच्या उंचीवर लटकवलेली होती. पाहुण्यांनी मोगरी उचलली आणि जी हाणली, ती नेमकी तिच्यावर. ठण्ण... असा आवाज की अंगावर काटा यावा. टाळ्या पडल्या. मावशी खुर्चीवरून उठली. शाल खाली पडली.

“बाळू, ती आपली घागर हाय का रं?”

“हाव मावशी. बघ की, किती मान मिळाला.”

“तिला मारायला ठिवलीस व्हय तू हितं?”

“मारायला नाही, वाजवायला.”

“येकच ते,” ती म्हणाली आणि पायातली चप्पल नीट करून चालायला लागली. त्याच दिवशी ती माझ्या घरातून औशाला तिच्या खोलीवर निघून गेली. घागर आणशील तवा तोंड दाखव, असा निरोप शेजारणीकडून आला. बीपीच्या गोळ्याही तिनं बंद केल्या. कारण विचारलं तर म्हणे, जिच्या जिवावर जगले तिला चौकात बडवतेत, मी गोळ्या खाऊन काय करू.

आणि बडवत होतेच. पाटीवर ‘व्यक्त व्हा’ लिहिलेलं. आमच्या पोरांनी व्यक्त व्हायला असा काही सूर लावला की बोलू नका. टेस्टचा रिझल्ट लागला की झुंडीनं यायची. शिव्या घालत, दात-ओठ खात हाणायची. एक पोरगी तळहात सोलून रक्त येईपर्यंत मोगरी चालवताना मी पाहिली. मैत्रिणी तिला ओढत होत्या आणि ती त्यांनाही ढकलत होती. काही पोरं भांड्यांवर खडूनं मास्तरांची नावं लिहून मग मारायची. एका कळशीवर मी माझं नाव वाचलं. चांगलंच खरवडलं गेलं होतं. मी मात्र कॉलर ताठ करून सांगत फिरायचो — स्ट्रेस रिलीफ आहे हो, एनर्जीला वाट मिळते.

जुनं जाड पितळ ते. लाकडाच्या मारानं घागरीला चरासुद्धा गेला नाही. जुना पोचा तेवढा होता, हे ध्यानात ठेवा. पुढं लागेल.

मावशी खंगत चालली असं शेजारणीकडून कळलं, तसा मी महापालिकेच्या ऑफिसात घागर परत मागायला गेलो. साहेब म्हणाले, “सर, ती आता मालमत्ता झाली. एक भांडं काढलं की सगळे मागतील.” मग मी माझ्या बुद्धीला शोभेल असा मार्ग काढला. बाजारातून तेवढ्याच आकाराची घागर आणली, काजळी फासून जुनी केली, आणि ठरवलं की रविवारी दुपारी सगळ्या क्लासेसच्या टेस्ट चालू असताना प्लाझा मोकळा असतो, तेव्हा अदलाबदल करायची. सांगाड्याला मागून दुरुस्तीचं छोटं दार होतं. कमिटीचा माणूस असल्यामुळे किल्ली माझ्याकडे होती.

उन्हाळा होता. तोंडाला रुमाल बांधला, खांद्यावर पोतं टाकलं, हातात पाना घेतला आणि आत शिरलो. बायको निघताना म्हणाली होती, “अहो, असं पोतं-बितं घेऊन जाऊन राहिले, कुणी चोर समजेल.” मी म्हणालो, “लातुरात मला कोण ओळखत नाही?”

आत भट्टी होती. नट गंजलेले. घागर निघायला वाटलं त्याहून फार वेळ लागला. ती मी माझ्या हातांनी काढली, सवयीनं तिच्यावरून हात फिरवला. पोटाला तो जुना पोचा, बाकी गुळगुळीत. पोत्यात घालून सुतळीनं तोंड बांधलं. नवी लटकवली. तेवढ्यात बाहेर गलका झाला. टेस्ट सुटली होती. मी म्हटलं, गर्दी पांगली की निघू.

आणि सांगाड्याच्या गजांतून एक इवलासा हात आत आला.

तीनेक वर्षांची पोरगी असेल. मेसवालीची असावी. भांड्यांच्या मागं काय आहे ते बघायला तिनं हात घातला होता आणि तो दोन गजांत अडकला. ती भोकांड पसरायच्या बेतात. मी आतून तिचं मनगट धरलं, जरा वळवलं आणि म्हणालो, “रडू नको बाळ, ये, इकडं ये.” आपल्याला वाटतं आपला आवाज प्रेमळ आहे. रुमालातून तो कसा ऐकू येतो कुणास ठाऊक.

आता हे बाहेरून बघा. भांड्यांच्या आतून एक काळाकुट्ट हात येतो आणि पोरीला आत ओढतो. त्या आठवड्यात प्रत्येकाच्या मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज फिरत होता. मी स्वतः तीन ग्रुपवर पुढं पाठवला होता.

तिची आई अशी किंचाळली की सगळा प्लाझा वळला. दार उघडलं गेलं. तोंडाला रुमाल, काजळीनं माखलेले हात, एका हातात पाना, मागं तोंड बांधलेलं फुगीर पोतं. मीच मला पाहिलं असतं तर मीही हाणलं असतं.

पाय धरून त्यांनी मला बाहेर ओढलं. फरशीवरून घसटत, रस्त्याच्या कडेपर्यंत. पहिली चप्पल तोंडावर बसली. मग लाथा. कुणी पट्टा काढला, बकलाच्या बाजूनं फिरवला. मी ओरडलो, “अहो थांबा, मी क्लासमध्ये शिकवतो.” ही मोठी चूक झाली. ट्युशन एरियात हे ऐकून मार वाढला. तिकडं चार जणांनी उतरंडीच्या मोगऱ्या साखळ्यांसकट उपसल्या. ज्या मोगऱ्या हाताला बसतील अशा घ्या, असा आग्रह कमिटीत मी धरला होता. हाताला चांगल्याच बसत होत्या.

फासळ्यांत बसली. पाठीत बसली. मांडीवर, कमरेवर, खांद्यावर. माझा शर्ट फाटून चिंध्या झाला. एका आडदांड माणसानं हेल्मेट धरून दोन्ही हातांनी माझ्या पाठीत घातलं आणि तोच मनगट धरून खाली बसला. लोकांच्या तोंडाला फेस आला होता. “मरू द्या, मरू द्या” असं एक बाई एकसुरात म्हणत होती. हे सगळं मला आजही जसंच्या तसं दिसतं.

फक्त दुखत नव्हतं.

धक्का बसत होता, मी हेलपाटत होतो, पडत होतो. पण वेदना नाही. त्याच्याऐवजी प्रत्येक फटक्याला एक आवाज... ठण्ण. फटका पाठीत, आवाज कुठंतरी लांब. मला वाटलं यांचे नेम चुकतायत आणि मागच्या भांड्यांवर लागतायत. पण उतरंड तिथून बरीच दूर होती. मग वाटलं, हा शॉक असणार, मेंदू असं करतो. मार खातानाही माझं स्पष्टीकरण चालूच होतं. आणि तोंडानं मी सवयीनं म्हणत होतो, “एक-एक करून... एक-एक करून.” वर्गात सगळी पोरं एकदम ओरडायला लागली की मी हेच म्हणतो.

त्यानंच वाचलो. गर्दीतून एक आवाज आला, “थांबा, थांबा, थांबा. हे आमचे सर हायेत.” बिलोलीचा माधव. माझ्याच बॅचचा, मागच्या बाकड्यावरचा. त्यानं माझ्यावर आडवं पडून रुमाल ओढला. “खरंच सर हायेत ओ. रोटेशन शिकवतेत.”

गर्दी एकदम सैल पडली. जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. पोरीची आई पोरीला कडेवर घेऊन रडत होती. पोरीच्या मनगटाला जरासं खरचटलं होतं, बाकी काही नाही.

“सर, सॉरी,” माधव म्हणाला. “मी दोनच मारले.”

“कुठं?”

“कंबरंत, सर.”

मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी उरलेला शर्ट कापून काढला. शर्टावर चपलांचे ठसे मोजता येत होते. त्यांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं, दाबून पाहिलं, एक्स-रे काढला. मग चष्मा काढून विचारलं, “सर, तुम्हाला नेमकं कुणी मारलंय?”

“डॉक्टर, निम्म्या ट्युशन एरियानं.”

“साधा वळ नाही हो अंगावर. ढोपर सोललंय, ते घसटल्यामुळं.”

मी आरशात पाहिलं. माझी पाठ कधी नव्हे इतकी स्वच्छ दिसत होती.

संध्याकाळी माधव घरी आला. पोतं घेऊन. “सर, तुमचं सामान तिथंच आतमध्ये ऱ्हायलं होतं. कुणी हात लावला न्हाई.” पोतं कुठं फाटलेलं नव्हतं. सुतळीची गाठ माझीच, मी मारतो तशी वेडीवाकडी. मी ती सोडली आणि घागर बाहेर काढली.

बायको हसायची थांबली.

घागर चेपून गेली होती. पोटाला, बगलांना, तळाला... पोचावर पोचा. जुना भूकंपाचा पोचा त्या गर्दीत शोधावा लागला. दुपारी ज्या पितळावरून मी हात फिरवला होता ते हेच का, म्हणून मी दिव्याखाली धरून बघत बसलो. माधवही बघत होता. मग तो हळूच एका जागी बोट ठेवून म्हणाला, “सर, हे दोन जवळजवळ हायेत बघा.” आणि त्यानं बोट पटकन काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पोतं मांडीवर घेऊन बसनं औशाला गेलो. मावशी ओट्यावर बसली होती, हाडं आणि पातळ एवढीच उरलेली. मी काही बोलायच्या आत तिनं पोतं ओढलं, घागर मांडीवर घेतली आणि पदरानं पुसली. मला वाटलं, आता शिव्या देईल.

“शर्ट काढ,” ती म्हणाली.

“इथं? लोक बघतेत मावशी.”

“बगू दे. लई काय ठिवण्याजोगं न्हाई तुझ्यात. काढ.”

काढला. डावा हात तिनं माझ्या पाठीवर ठेवला, उजवा घागरीवर. डोळे मिटून दोन्ही हात बरोबर फिरवायला लागली. “हितं मारलं?” “हाव.” “आन् हितं?” “हाव, पट्टा.” “ह्यो मोठा?” “हेल्मेट.” “हे दोन बारके?” “ते माधवचे.” चुकली नाही. मला आठवत होते ते सगळे फटके तिनं बोटांनी काढून दाखवले. शेवटी तिचा हात घागरीच्या गळ्याशी थांबला. तिथला पोचा सगळ्यात खोल होता, पितळ पार चिरलं होतं.

“आन् ह्यो कशाचा?”

मी आठवून पाहिलं. “तिथं काय नाही मावशी. तोंडावर एक चप्पल बसली तेवढीच, डोक्याला मागून कुणी लावलंच नाही.”

 तिनं माझ्या उजव्या कानामागं हात ठेवला आणि तसाच ठेवून बसली. शेजारीण चहा घेऊन आली तरी काढला नाही. त्या दिवशी तिनं गोळी घेतली.

इथं संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. स्पष्टीकरणं माझ्याकडे होती. गर्दीत खरं जोरात कुणी मारत नाही. उन्हानं माझं डोकं फिरलं होतं. पोतं मधल्या वेळात कुणीतरी आपटलं असेल आणि गाठ... गाठीचं बघू नंतर. मी मनाला पटवत आणलं होतं.

पावसाळ्यात माधव आला. नांदेडला ॲडमिशन झाली होती, पेढे घेऊन आला. जाताना घुटमळला. त्याच्या रूम पार्टनरनं होस्टेलच्या गॅलरीतून त्या दिवशी व्हिडिओ काढला होता. “सर, बगा येकदा. मग डिलीट करतो.”

वरून काढलेला आहे. मी गर्दीच्या मधोमध गुडघ्यावर. मागून चौकड्याच्या शर्टातला एक माणूस येतो. प्लाझाच्या कडेचा सुटलेला सिमेंटचा ब्लॉक उपसतो, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेतो, नीट पाय रोवतो आणि माझ्या उजव्या कानामागं घालतो. पूर्ण ताकदीनं. ब्लॉकचे दोन तुकडे होऊन खाली पडतात. माणूस हातांकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि पळून जातो.

मी मागंसुद्धा वळून बघत नाही. व्हिडिओत माझा आवाज स्वच्छ ऐकू येतो. “एक-एक करून,” मी म्हणतोय. “एक-एक करून.”

माधवनं विचारलं, “सर, डिलीट करू?” मी तो पुन्हा पहिल्यापासून पाहिला, मग हो म्हणून मान हलवली.

फिजिक्समध्ये आम्ही शिकवतो की एनर्जी कुठं जात नाही, रूप बदलते. तो ब्लॉक फुटायला जेवढी लागली तेवढी लागली. उरलेली बंद पोत्यातल्या घागरीच्या गळ्यात कशी गेली हे ज्या कुणाला ठाऊक असेल त्यानं मला सांगावं. मी पुढच्या बाकड्यावर बसून ऐकीन. टक्करीचं चॅप्टर आलं की हल्ली माझा हात आपोआप कानामागं जातो आणि पोरं एकमेकांना कोपरानं ढोसतात.

उतरंडीच्या मोगऱ्या नंतर काढून टाकल्या. आता नुसता हात लावायचा. माझी बाजारातली घागर अजून तिथं लटकते आहे. डबड्यासारखी वाजते.

व्हिडिओचं मी मावशीला सांगितलं नाही. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा एवढंच म्हणालो, “तांबट ओळखीचा आहे, गळ्याची चीर सांधून आणू का? पोचेही काढून देईल.”

“नगं,” ती म्हणाली. घागर तिच्या उशाशी असते, अंगावर जुन्या पातळाची घडी घातलेली. त्या घडीवरून हात फिरवत मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “आता हिच्यात जागा न्हाई, बाळू. जपून ऱ्हा.”

तेव्हापासून दूध आणायला चालत जातानाही मी हेल्मेट घालतो. सगळी गल्ली हसते. मीही हसतो, पण काढत नाही.